सहा कळ्यांचा फ्रॉक

२४ एप्रिल १९९४

मधुकरला बँकेतून दर वर्षी डायरी मिळते आणि दर वर्षी तिच्यात किराण्याच्या याद्या होतात. यंदा मी ती ओढून घेतली. आज कुणाला तरी सांगितलं नाही तर डोकं फुटेल माझं, आणि मधुकरला सांगण्यात अर्थ नाही. तो म्हणेल, "सोड गं वासंती."

नाही सोडणार.

सुलभाबाईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. सुलभाबाई म्हणजे रेल्वेतल्या बड्या इंजिनिअरची बायको, शर्वरीची मैत्रीण पूर्वा हिची आई. चारबागजवळच्या बंगल्यात राहतात आणि लखनौतल्या आम्हा तीसेक मराठी घरांवर राज्य करतात. मी शर्वरीला घेऊन गेले होते. तिच्या अंगात मी शिवलेला नवा फ्रॉक. छातीवरचा योक जांभळा, बाह्या मोरपंखी, घेर तीन रंगांचा. सगळं ओटीत मिळालेल्या ब्लाउजपीसचं. इथे प्रत्येक हळदीकुंकवाला ओटीत एक ब्लाउजपीस पडतो, तो कुणी शिवत नाही, ट्रंका नुसत्या भरत जातात. मी त्यातून शर्वरीचे फ्रॉक काढते, धाकट्या मयूरचे झब्बे काढते, माझे घरात घालायचे ब्लाउज काढते. यात लाज कसली? मी मिरजेची आहे. आमच्याकडे चिंधीसुद्धा वाया जात नाही.

तर पन्ह्याचे पेले फिरत होते आणि सुलभाबाईंनी शर्वरीला हाताला धरून मधोमध उभी केली. "थांब थांब! अगं, हा योक मी दिलेला! आणि या बाह्या आपटेकाकूंच्या! फिर बघू, गोल फिर. अहो बघा तरी, आपल्या मंडळाची डिरेक्टरीच चालत आली!"

तीस बायका हसल्या. आपटेकाकूंनी तर हसून हसून डोळ्यांना पदर लावला. शर्वरीही हसली आणि गोल फिरली. नऊ वर्षांचं पोर, तिला काय कळतंय! तेवढंच बरं झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मीही हसले आणि वाटीतली आंब्याची डाळ शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. सुलभाबाई, तुम्हाला बघून घेईन. भर बायकांत, तुमच्याच घरी.

२५ एप्रिल

देव आहे!

कालची ओटी सकाळी सोडली. ओल्या हरभऱ्यांबरोबर ब्लाउजपीस, कुसुंबी रंगाचा, रुपेरी बुट्टीचा. कोपऱ्यात बघते तर हिरव्या दोऱ्याचा टाका. माझा टाका! घडी विस्कटू नये म्हणून मी देताना कोपरा हिरव्या दोऱ्याने टाचते, आईची सवय. हा मी संक्रांतीला सुलभाबाईंना दिलेला कपडा. त्यांनी घडीसुद्धा मोडून पाहिली नाही. उचलला आणि मलाच परत दिला. वर माझ्याच पोरीच्या फ्रॉकला हसायचं. चोराच्या उलट्या बोंबा!

(मला तो दसऱ्याला आपटेकाकूंनी दिला होता. पण माझी गोष्ट वेगळी. मी निदान उलगडून पाहिला होता.)

८ मे

ठरलं. दोन वर्षांत सुलभाबाईंनी मला दिलेले ब्लाउजपीस सहा. जांभळा फ्रॉकमध्ये गेला होता, तो योक मी उसवून काढला. सहाही पिशवीत घालून आपटेकाकूंकडे गेले. "काकू, हे रंग उन्हाळ्यात बरे दिसतील का हो?" असं भोळ्यासारखं विचारलं. काकू कापड आणि माणूस दोन्ही एकदा पाहिलं की विसरत नाहीत. "अगं, हा तर मी सुलभाला डोहाळजेवणात दिलेला! आणि हा तिला मंडळाने दिला होता." चहा संपेपर्यंत सहाच्या सहा कापडांची कुळी कळली. एकही सुलभाबाईंनी दुकानातून आणलेला नाही.

आता या सहांचा सहा कळ्यांचा फ्रॉक शिवायचा. वर अरुंद, खाली पसरत जाणारी एकेक कळी, इकडच्या कळीदार कुर्त्यांसारखी. सप्टेंबरात गौरी सुलभाबाईंकडेच असतात. हळदीकुंकवाला शर्वरीला मधोमध उभी करायची, गोल फिरवायची आणि एकेका कळीवर बोट ठेवून सगळ्यांसमोर सांगायचं, "ही कळी आपटेकाकूंनी सुलभाताईंना दिली, सुलभाताईंनी मला दिली." डिरेक्टरी म्हणालात ना? मग वाचा आता.

कित्येक महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

शर्वरीचं मात्र काहीतरी बिनसलंय. बेचाळीस डिग्रीत शाळेचा निळा स्वेटर घालून बसते. काढ म्हटलं तर म्हणते, "ठंड लग रही है." अंगाला हात लावला तर ताप नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी असेल. लाल टॉनिक दिलंय, दोन चमचे दोन वेळा.

१२ जून

मंडळाची सहल मलिहाबादला. ओळखीतल्या एकांच्या आमराईत दशहरी खाऊन खाऊन पुरुष खाटांवर आडवे झाले होते. मी माझा स्वतः शिवलेला कॉटनचा ब्लाउज घालून गेले होते, मुद्दाम, पाठीला मोठी पट्टी लावून. घ्या, हसा.

कुणी हसलं नाही. सगळ्यांचं लक्ष शर्वरीच्या स्वेटरकडे. पोरं पाइपच्या पाण्यात भिजत होती आणि ही झाडाखाली गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेली, आंबाही चमच्याने खातेय. सुलभाबाई तिच्यापाशी जाऊन बसल्या. काहीतरी बोलल्या, हिने मान हलवली. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "वासंती, हिला गरम होत नाही का गं?"

म्हणजे मला मुलांची काळजी घेता येत नाही, असंच ना? मी म्हटलं, "डॉक्टरांचं औषध चालू आहे सुलभाताई. तुम्ही आंबे घ्या."

नाकाने कांदे सोलणारी बाई. टॉनिकचा डोस वाढवून घ्यायला हवा.

३ जुलै

कळ्या बेतल्या. कापडाचा पन्हा कमी, त्यामुळे उताराला दोन ठिकाणी जोड द्यावा लागला, पण असा दिला की शोधून सापडणार नाही. पहिला धावदोरा घालून शर्वरीला स्टुलावर उभी केली. किती वेळ म्हणून हात वर करायला तयार नाही. स्वेटर काढायलाच दहा मिनिटं गेली.

पिना लावताना म्हणाली, "आई, ये भी सबको दिखाना पड़ेगा?"

मी म्हटलं, "दाखवायचाच आहे तर! पूर्वाच्या घरी, गौरीला."

"गोल घूमना भी पड़ेगा?"

"हो तर. छान गिरकी घ्यायची. घेर कसा फुलतो बघ."

स्टुलावर तशीच ताठ उभी राहिली. मी तोंडात पिना धरून होते, म्हणून पापा घेता आला नाही. पण वाटलं, पोरगी किती शहाणी आहे. मयूर असता तर स्टुलावरून चार वेळा उडी मारली असती.

तरी बरं, पूर्वाशी तिची मैत्री अजून टिकून आहे. दर शनिवारी दप्तरात बदलायचा फ्रॉक घेऊन शाळेच्या रिक्षातून परस्पर पूर्वाकडे जाते आणि संध्याकाळी येते. आयांच्या भांडणात मुलींनी का भरडावं? एवढा मोठेपणा माझ्यात आहे.

१७ जुलै

दुपारी बेल वाजली आणि दारात सुलभाबाई! पूर्वजन्मीही कधी आमच्या आलमबागेत आल्या नसतील. फ्रॉक मशीनवर पसरलेला. मी तो झटकन गुंडाळून पलंगाखाली सारला आणि वर चटईही ढकलली.

कळलंय वाटतं हिला काहीतरी. आपटेकाकूंच्या पोटात काही राहील तर शपथ.

ठेवणीतल्या कपबशा काढल्या. बाई कपाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "वासंती, त्या दिवशी चैत्रगौरीला मी जरा..."

"साखर कमी झाली का?" मी विचारलं.

"नाही गं, साखर बरोबर आहे. मी काय म्हणत होते, शर्वरी आमच्याकडे येते ना, तेव्हा..."

तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी उठले. परत आले ती मधुकरच्या बदलीचं, विजेच्या कपातीचं, श्रावणाचं एवढं बोलले की त्यांना तोंड उघडायला फट ठेवली नाही. माझ्या पोरीबद्दल आता ही मला सांगणार! खायला मागते, नाहीतर काही फोडलं असेल. गेल्या एकदाच्या. जाताना दारात उभ्या राहून माझ्या मशीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात फार सुंदर आहे तुझा."

गोड बोलून गळा कापायची रीत मला नवीन नाही.

२० ऑगस्ट

फ्रॉक झाला. पूर्ण. आतून अस्तर, गळ्याला त्याच सहा कापडांची पाइपिंग, मागे सात काजं, हाताने केलेली. उलटा करून घातला तरी चालेल इतकी सफाई आहे. आईने पाहिला असता तर कानशिलावर बोटं मोडली असती. माझ्या हाताने मी असा कपडा कधी शिवला नव्हता. रागात हात इतका स्थिर राहतो हे मला माहीत नव्हतं.

खोटं कशाला लिहू, एकदा मनात आलं की हे सगळं कशासाठी? दोन शब्दांत तोंडावर सांगून मोकळी झाले असते तर? मधुकरला आज पहिल्यांदा बेत सांगितला. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आणि शर्वरीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचंय? फ्रॉक तिचाच आहे."

"फ्रॉक तिचा आहे, हे खरं," असं म्हणून परत वर्तमानपत्रात गेला. बँकेतली माणसं अशीच बोलतात. धड हो नाही, धड नाही नाही.

११ सप्टेंबर

उद्या. फ्रॉकला इस्त्री केली. वाक्य पाठ केलंय, आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. "सुलभाताई, तुमचीच डिरेक्टरी पुढच्या पानावर नेली मी." मग कळ्या. शेवटची कुसुंबी, कोपऱ्यातला हिरवा टाका तसाच ठेवलाय, खालच्या दुमडीत. पुरावा हवा ना.

शर्वरी जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली. ओवा दिला.

१२ सप्टेंबर

आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत. जसं झालं तसं लिहिते.

गौरी फार सुंदर बसवल्या होत्या, ते कबूल करते. मी शर्वरीला घेऊन गेले. अंगात फ्रॉक, वर तो स्वेटर. काढ म्हटलं तर म्हणाली, "वहाँ निकालूँगी." मुली आतल्या खोलीत पळाल्या. बायका सतरंजीवर दाटीवाटीने बसल्या. मसाला दूध आलं. आपटेकाकू माझ्या शेजारी, मोक्याच्या जागी. मी हळद लावून घेतली, कुंकू लावून घेतलं, आणि जरा गप्पा थांबल्यावर मोठ्याने हाक मारली, "शर्वरी, ये गं बाळा! सगळ्यांना नवा फ्रॉक दाखव बघू!"

दार उघडलं. शर्वरी आली. पिवळ्या फ्रॉकमध्ये.

तो पूर्वाचा. मागच्या दिवाळीला हजरतगंजातून घेतलेला, लेसचा, मंडळातल्या सगळ्यांनी पाहिलेला. खांद्यात सैल, बगलेत एक टीप सुटलेली. पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी, माझ्याकडे बघत नव्हती.

"अगं, हा तर पूर्वाचा!" आपटेकाकू म्हणाल्याच. काकूंची नजर!

सगळ्या माझ्याकडे वळल्या. शिवणकामाच्या एवढ्या गमजा मारणाऱ्या बाईची मुलगी, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या जुन्या कपड्यात. पाठ केलेल्या वाक्यातला एक शब्द तोंडात येईना. आणि सुलभाबाई कुंकवाचा करंडा घेऊन समोरच उभ्या. त्यांनी फक्त एक भुवई उचलली असती तरी चैत्रापेक्षा मोठं हसू झालं असतं.

त्या म्हणाल्या, "अहो, मेली माझीच चूक! आत दुधाचा पेला हातातून निसटला तो नेमका हिच्या नव्या फ्रॉकवर. मीच तिला पूर्वाचा घालायला लावला. सहा कळ्यांचा, काय सुरेख शिवलाय हो वासंतीने! असा कपडा मी खराब केला, काय म्हणावं मला." आणि शर्वरीजवळ जाऊन तिच्या पाठीमागचं सुटलेलं हुक लावलं. "जा, खेळ जा."

बायका चुकचुकल्या आणि परत बोलायला लागल्या.

मी आत गेले. पलंगावर माझा फ्रॉक घडी करून ठेवलेला. दुधाचा एक थेंब नाही. वर निळा स्वेटर. सुलभाबाई मागून आल्या, दार लोटलं.

"सहाच्या सहा ओळखले मी," त्या म्हणाल्या. "फिरवते मी ब्लाउजपीस. इथे कोण फिरवत नाही? ते जाऊ दे. एप्रिलपासून ही पोर दर शनिवारी इथे आली की आधी पूर्वाचा फ्रॉक मागून घालते. खेळते. जाताना परत आपले कपडे, वर स्वेटर. मला म्हणाली, आईला सांगू नका. तरी मी तुला सांगायला आले होते."

मी स्वेटर उचलून त्याची घडी घालायला लागले.

"चैत्रात मी हसायला नको होतं. तेव्हाच कळलं मला, ती फिरताना तिचे कान लाल झाले होते. आणि आज तिने पूर्वाला सांगितलं, आई मला आज परत फिरवणार आहे." असं म्हणून त्या बाहेर गेल्या. बाहेर ओट्या भरायच्या होत्या.

मला ओटीत काय मिळालं ते अजून सोडून पाहिलेलं नाही.

१३ सप्टेंबर

ती हसली असती तर बरं झालं असतं! हसली असती तर मी भांडले असते, कळ्या मोजून दाखवल्या असत्या, मंडळ सोडलं असतं. आता काय करू? उपकार करून मारलं बाईने. आता जन्मभर तिच्यासमोर मान वर करता यायची नाही, आणि हे तिला माहीत आहे. माहीत असूनही तिने केलं, म्हणून जास्तच राग येतो. दिवसभर भांडी आपटली. मधुकर "सोड गं" म्हणाला नाही, तेही लागलं.

सकाळपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. चैत्रात शर्वरी हसली होती, म्हणून मला वाटलं तिला कळलं नाही. पण मीही हसलेच होते. हसून पूर्ण वाटी डाळ खाल्ली होती.

टॉनिकची बाटली मोरीत ओतली.

१६ सप्टेंबर

पूर्वाचा फ्रॉक धुऊन इस्त्री केला. बगलेतली टीप सुटली होती ती बघितली. एवढा महागातला कपडा, पण आत शिलाईला एक बोटभर कापड सोडलेलं नाही, टाके उंटाच्या ढांगांएवढे. सुई हातात घेतली आणि खरं सांगते, मनात आलं, दोन खोटे टाके घालावेत. घालताना टिकतील, आणि पूर्वाने चारचौघांत हात वर केला की टर्रकन जाईल. हे मला जमतं. दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

मग मशीनवर घेतला आणि दुहेरी टीप मारली. दुसऱ्या बगलेलाही मारली, ती सुटणारच होती.

सुलभाबाईंना मी माफ केलेलं नाही. पण टीप पक्की आहे.

शर्वरी शेजारी येऊन बसली. बॉबिनशी चाळा करत होती. मी मान वर न करता विचारलं, "मी शिवलेलं तुला आवडत नाही का गं?"

"आवडतं." मग बॉबिन खाली ठेवून, "पर उसमें सबके नाम रहते हैं."

माझा पाय पायट्यावरच थांबला. "मग कसा हवा तुला?"

"सादा. एक ही कपड़े का. जो किसी ने न दिया हो."

१८ सप्टेंबर

दोघी अमीनाबादला गेलो. मयूरला मधुकरकडे सोडलं. एरवी मी दुकानात शिरते ती तुकड्यांच्या ढिगाकडे. आज ठाण कापायला लावलं. दुकानदाराने गुलाबी दाखवलं, फुलाफुलांचं दाखवलं, मलाही एक फार आवडलं, पण मी ओठ घट्ट मिटून बसले. शर्वरीने करड्या रंगाचं पॉपलिन काढलं. करडं! शाळेच्या पायपुसण्याचा रंग. "पक्का?" मी विचारलं. "पक्का," म्हणाली. भैयाने कात्री लावली तेव्हा ती कापडाकडे अशी बघत होती, की मी रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सहा कळ्यांचा फ्रॉक उसवला. सात काजांसकट. कुसुंबी कळीतला हिरवा टाकाही काढला. सगळं जोडून मशीनवर घालायचं झाकण केलंय. ओटीत कुणाला द्यायचं नाही आता ते.

२४ सप्टेंबर

शनिवार. करडा फ्रॉक काल पुरा झाला. पाइपिंग नाही, चुण्या नाहीत, झालर नाही. हात नुसते शिवशिवत होते, गळ्याला निदान एक पांढरी पट्टी तरी! नाही लावली. तिने एक खिसा मागितला, तो दिला.

आज शाळेला सुट्टी होती म्हणून पूर्वाकडे घरूनच निघाली. फ्रॉक घालून दारापर्यंत गेली, आणि परत आत वळली. कपाटातून स्वेटर काढला. मी कणीक मळत होते. मी तशीच मळत राहिले. तिने स्वेटर घातला, वरपर्यंत बटणं लावली. पूर्वाच्या पिवळ्या फ्रॉकची पिशवी घेतली, "आते हैं" म्हणाली आणि गेली.

कणकेच्या हातानेच मी खिडकीशी गेले. बाहेर अजून भादव्याचा उकाडा, सायकल रिक्षावाले गमछा ओला करून डोक्यावर घेतायत. ती कोपऱ्यापर्यंत गेली. रिक्षात चढायच्या आधी थांबली. पिशवी भैयाच्या हातात दिली, एकेक करून बटणं काढली, आणि स्वेटर कमरेला बांधून, भर रस्त्यात, करड्या फ्रॉकमध्ये एक गिरकी घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

मग रिक्षात बसली. मी कणीक मळायला आत आले.